झारीने पाहिलेलं दुखणं

मी झारी बोलतेय. देवघरातली चांदीची नाही, तेवढं माझं नशीब कुठलं! मी पत्र्याची, मळ्यातल्या रोपांना पाणी घालणारी. माणसांच्या दुखण्यात मी तोंड घालावं की नाही, हे अजून माझं ठरत नाही. पण खुशालरावांचं दुखणं सगळ्यांत आधी मी पाहिलं, आणि ते मला सोडत नाही. तेव्हा चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म अकोल्याच्या बाजारातला. एका पत्रेवाल्याने रॉकेलचा डबा कापला, ठोकला, डाख दिला, चोचीला बारीक भोकांचं तोंड बसवलं आणि मी झाले. बार्शीटाकळीच्या एका माळ्याने मला घेतलं ते लेकीच्या लग्नासाठी. लेक सत्यभामा, मराठी सातवी पास. रुखवतात लाडू-करंज्यांच्या शेजारी मला मांडलं, तेव्हा कुठे तोंड लपवू असं मला झालं.

चांदूर बाजाराजवळच्या सासरी सासूबाई मैनाबाईंनी मला उलटीसुलटी करून पाहिलं. "आता माय! पोरीसंगं झारी धाडली. आमी काय ओंजळीनं पाणी देऊन राह्यलो होतो?"

सत्यभामाची मान खाली. तेवढ्यात सासरे खुशालराव पुढे आले. विहिरीवर मला भरून त्यांनी वांग्याच्या कोवळ्या रोपांवर धरलं. "हासू नोका. हिच्या पाण्यानं रोप झोपत नाई, उभं राह्यते," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांच्या हातची झाले आणि सत्यभामा त्या घरची.

खुशालराव म्हणजे पाण्याचा माणूस. दांडात पाणी कुठे मुरतंय, कुठे अडलंय, ते पायाच्या अंगठ्याने चाचपून सांगायचे. शेजारचे मळेवाले भांडण झालं की त्यांना बोलवायचे. अंगावर कधी डाग नाही, धोतर पांढरंशुभ्र.

मग सत्यभामाला मुलगी झाली, वच्छला. पायांकडून जन्मली. बाळंतपणात आई जाता जाता वाचली. पण मैनाबाईंचा आनंद अंगणात मावेना. "पायाळू! माह्यी नात पायाळू झाली!" आमच्या वऱ्हाडात पायाळू माणसाला मोठा मान. कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळूचा पाय पाठीला लावायचा, उसण उतरते. वच्छला चालायला लागली आणि गावोगावचे लोक तिच्या पायासाठी येऊ लागले. कुणी गुळाचा खडा आणायचं, कुणी बोरं.

सत्यभामाचा यावर विश्वास होता का? न मानण्याइतकी ती शिकलेली होती, तसं बोलून दाखवण्याइतकी नव्हती. शिवाय पोरीच्या पायाला लोक हात लावतात हे कोणत्या आईला आवडणार नाही? मला भरता भरता ती माझ्याशीच बोलायची. "आज जेवली नाही नीट. अंग कोमट लागलं का गं? की मलाच वेड लागलंय?" रोपांना पाणी जास्त झालं की कमी, ही काळजी मलाही असायची, म्हणून आमचं जमलं.

दुसरी मोठी लढाई संपून थोडेच दिवस झाले होते. खुशालरावांमध्ये काहीतरी बदललं.

ते मला खाली ठेवून संत्र्याच्या झाडामागे जायचे आणि खूप वेळ उभे राहायचे. मी जवळच असायची. आधी काहीच ऐकू यायचं नाही. मग थेंब. मग थांबायचं. मग पुन्हा दोन थेंब, आणि दातांवर दात दाबल्याचा आवाज. पाणी कुठे अडतं ते साऱ्या शिवाराला सांगणारा माणूस, पण स्वतःच्या देहातलं पाणी त्याला मोकळं करता येईना. परत यायचे तेव्हा धोतर पुढून ओलं असायचं. ते इकडे-तिकडे पाहायचे, मला उचलायचे आणि माझं पाणी धोतरावर ओतायचे. मग कुणी विचारायच्या आधीच मोठ्याने म्हणायचे, "सांडलं बापा झारीचं पाणी!"

पहिल्यांदा मला वाटलं, चूक झाली असेल हातून. मग ते रोजचंच झालं.

मैनाबाई सुनेला म्हणाल्या, "काय वं, तुह्या बापाची झारी गळते का? बुढ्याचं धोतर कधी वाळलेलं दिसत नाई."

सत्यभामाने मला बाजारात डाख द्यायला नेलं. पत्रेवाल्याने मला भरून टांगलं, बुडाखाली हात फिरवला. "बाई, टिपूस गळत नाई. कोनं सांगतलं तुमाले?"

परतीच्या वाटेवर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. समजली होती ती, किंवा समजत आली होती. पण सुनेने सासऱ्याला धोतराबद्दल विचारायचं कसं? नवऱ्याला, गोवर्धनला, ती म्हणाली, "मामाजींची तब्येत बरी दिसत नाही." तो म्हणाला, "उन्हाळी लागली असन. धन्याचं पाणी दे." धन्याचं पाणी झालं, सब्जा झाला. मग पाठ दुखायला लागली.

कंबरेच्या वर, कण्याच्या मधोमध. बसलं तरी दुखे, पडलं तरी दुखे. शेक झाले, सुंठेचा लेप झाला. पोळ्याच्या दिवशी बैल धुतले जात होते आणि खुशालराव मळ्यातल्या खोपडीच्या, म्हणजे झोपडीच्या, सावलीत पोत्यावर कण्हत होते. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, शेजारचे किसनराव ओरडले, "काय गा खुशालराव! घरी पायाळू अन् तुमी कण्हून राह्यले? हलवायाच्या घरी उपास!"

सगळे हसले. खुशालरावही हसले आणि पालथे झाले. "ये वं माह्ये माय. लाव पाय."

वच्छलाने डावा पाय तीनदा लावला, जसा साऱ्यांना लावायची.

"अजून. उभी राय वर. भिऊ नोको."

सत्यभामा विहिरीच्या काठी होती. मी तिच्या हातात, भरलेली. माझ्या दांडीभोवती तिची बोटं घट्ट झाली. "मामाजी, नका," हे शब्द तिच्या ओठापर्यंत आले, ते मी पाहिलं. पुढे आले नाहीत. पोर पाठीवर चढली. दोन पावलं टाकली. कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा बारीक आवाज आला. आला का? मला वाटलं आला. मी आजही शपथेवर सांगू शकत नाही, आणि तेच मला छळतं.

खुशालराव उठून बसले. "गेली!" म्हणाले. पोरीला गूळ दिला.

सकाळी त्यांना उभं राहता आलं नाही. पाय होते, पण दुसऱ्याचे असावेत तसे. लघवी पार बंद, पोट मोटेसारखं ताणलेलं.

गोवर्धनने बाजारावरून डॉक्टर सूर्यभान यांना खोपडीवर आणलं. हे लढाईत डॉक्टरकी करून आलेले, अमरावतीला असत, बाजाराच्या दिवशी चांदूरला येत. मूळचे शेतकऱ्याचे, बोलणं आमच्यासारखंच रोखठोक. त्यांनी आधी रबराची नळी उकळायला लावली, ती घालून लघवी मोकळी केली. खुशालरावांनी असा सुस्कारा टाकला की बाहेर मैनाबाई रडायला लागल्या.

"हा त्रास कधीपासून, बाबा?"

"कालपासून."

कुडाच्या पलीकडून आवाज आला. "नाही डॉक्टरसाहेब. दोन सालं झाली. धोतर ओलं असते. झारी गळत नाही."

खुशालरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. सुनेने सासऱ्याची लाज चारचौघांत उघडी केली होती. माझी चोच त्यांच्याकडेच होती. मला ती वळवता आली नाही.

डॉक्टरांनी सर्वांना दूर पाठवलं. हात धुवायला लागेल म्हणून मी तेवढी राहिले. खुशालराव कुशीवर, गुडघे पोटाशी. डॉक्टरांनी रबरी हातमोजा घातला, मागच्या वाटेने बोट घालून तपासलं. फार वेळ लागला नाही. तेवढा वेळ म्हातारा माझ्याकडे पाहत होता. माणूस माझ्याकडे असा कधी पाहील, असं मला वाटलं नव्हतं.

मग त्यांना अमरावतीला नेलं. वाटेत पाणी लागेल म्हणून मीही गेले. पाठीचा एक्स-रे काढला. दवाखान्याच्या ओसरीवर खुशालरावांची बाज, खाली मी, भोवती घरचे. सत्यभामा खांबाआड, कडेवर वच्छला. डॉक्टर बाजेच्या काठावर बसले आणि समजावून सांगू लागले.

"प्रत्येक मर्दाले लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी एक ग्रंथी असते. प्रोस्टेट म्हणतात. लहान आवळ्याएवढी. उतारवयात थे वाढते, अन् झारीतल्या शुक्राचार्यासारखी वाट अडवून बसते. बहुतेकांची साधी वाढ. बोटाले नरम लागते, ऑपरेशन केलं का माणूस मोकळा. तुमची तशी नाई. कवठासारखी कडक लागली, गाठी-गाठी. हा कॅन्सर आहे, बाबा. अन् थो कण्याच्या हाडात गेला. एक्स-रेत दिसते."

"मंग काढा ना ग्रंथी," गोवर्धन म्हणाला.

"सुरुवातीले आले असते तर तेच केलं असतं. रोग ग्रंथीतच होता तवा. आता बी तिथं काढून हाडातला कसा जाईन?"

मग त्यांनी वाटा सांगितल्या. मुंबईला रेडियमचा शेक देतात, पण या अवस्थेत तिथपर्यंत नेणं कठीण. विलायती गोळ्या निघाल्यात, बायकांच्या अंगातल्या रसासारख्या; त्यांनी हा रोग दबतो, पण जन्मभर घ्याव्या लागतात, पुरुषाची छाती फुगते, पायावर सूज येते, आणि मुंबईहून त्या कधी मिळतात, कधी नाही. काहीच करायचं नसेल तर नळी आणि दुखण्यावर अफू. आणि एक वाट राहते.

"हा रोग मर्दपणाच्या रसावर जगते," डॉक्टर म्हणाले. "थो रस जिथं तयार होते ते दोन गोळे काढून टाकले, तर रोगाचं पाणी तुटते. दांड बांधला का वाफा सुकते, तसं. दुखणं दिवसांत उतरन. पाय परत येतीन का, खात्रीनं नाई सांगत. पण येऊ शकतात. मुळासकट बरा होईन असं मात्र म्हणणार नाई. काई महिने, काई सालं. मंग थो परत येते."

सुनेच्या त्या बोलण्यानंतर खुशालराव पहिल्यांदाच बोलले. "मंजे मले खच्ची करता. बैलासारखं."

"गोळ्याच द्या साहेब," गोवर्धन पुटपुटला. "लोकं काय म्हणतीन?"

तेव्हा मैनाबाई पदर खोचून पुढे झाल्या. "लोकं येतात का तुह्या बापाची नळी धुवाले? अन् तुमी वो! नातवंडं झाली. त्या दोन गोळ्यायचं आता काय लोणचं घालता?"

डॉक्टरांनी तोंड फिरवलं. खांबाआड सत्यभामाने पदर तोंडात कोंबला. आणि खुशालराव हसले. पाठीला कळ येईपर्यंत हसले. "घ्या मंग, सूर्यभानजी," म्हणाले. "बुढीनं हुकूम देल्ला."

डॉक्टर हात धुवायला उठले. पाणी घालायला मला घेऊन सत्यभामा गेली. माझ्यातून धार पडत होती आणि ती हळूच विचारत होती, "पोरीचा पाय लागला म्हणून झालं का?"

"पायानं कॅन्सर होत नाई, बाई. हाड आतून आधीच ठिसूळ झालं होतं."

"पाय लागला नसता तर?"

डॉक्टरांनी हातांचं पाणी झटकलं. "आज ना उद्या झालंच असतं."

त्यांना धीर द्यायचा होता. पण सत्यभामाच्या कानात त्यातलं 'उद्या' तेवढंच राहिलं. तो उद्या केवढा लांब असता? सहा महिने? साल? पुढे कितीतरी दिवस मला भरताना ती मधेच थांबायची आणि पाणी माझ्या काठावरून वाहून जायचं.

ऑपरेशन झालं. मी आत नव्हते, तेव्हा सांगत नाही. पण डॉक्टरांनी म्हटलं तसंच घडलं. टाके निघायच्या आधीच पाठीची आग निवली. नळी निघाली. पायांच्या बोटांत हालचाल आली, मग घोट्यात. मळ्यात बाज टाकून ते पडून राहत, आणि एके दिवशी काठी घेऊन उभे राहिले.

दुखणं मळ्यातून निघालं ते गावात शिरलं. "पोट्टीच्या पायानं बुढा बसला." पाणवठ्यावर हे, बाजारात हे. ज्या पायाला लोक हात लावायचे, त्याच पायाला आता दारातून परतवत होते. भुलाबाईचे दिवस आले. पोरी घरोघर गाणी म्हणत, खिरापत ओळखत फिरायच्या. वच्छला नवा परकर नेसून किसनरावांच्या अंगणात गेली आणि लगेच परत आली. आईने विचारलं तर म्हणाली, "तिथं पाय नोको म्हणते मोठीमाय." किसनरावांच्या बायकोला ती मोठीमाय म्हणायची.

त्यानंतर ती वाफ्यात उतरेना. नेहमी माझ्या पुढे-मागे नाचणारी पोर. आता धुऱ्याधुऱ्याने, टाचा उचलून चालायची. सांभाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, एक रोप तिच्या पायाखाली आलं तेव्हा ती खाली बसली, माती सारखी केली आणि विचारलं, "माय, हे मरन का आता?"

बाजेवरून खुशालराव पाहत होते.

नवरात्रातल्या अष्टमीला मैनाबाईंनी कुमारिकांना जेवायला बोलावलं होतं. मळ्यातच चूल मांडली. पोरी आल्या, त्यांच्या आया आल्या, आणि भाजी बाजारात न्यायला बैलबंड्या भरणारे पाच-सहा पुरुषही होते, किसनराव त्यात. ओळीने पाट मांडले. वच्छलाच्या शेजारचा पाट रिकामाच राहिला. त्यावर बसायची ती किसनरावांची पोर आईच्या मागे उभी.

"झारी आण, सत्यभामा," खुशालराव म्हणाले.

काठी टेकत ते आले, कष्टाने खाली बसले, वच्छलाच्या समोर. पोरीने पाय मागे ओढून परकरात लपवले. त्यांनी ते हलकेच बाहेर काढले, ताटात ठेवले आणि मला वाकवलं. माझं पाणी इकडे-तिकडे जात होतं. त्यांनी अंगठा धुतला, टाच धुतली, आणि मान वर न करता बोलायला सुरुवात केली.

"ऐका रे सारे. मी दोन सालं धोतरात मुतून राह्यलो होतो. लघवी अडे, मंग आपोआप होये. कोनाले दिसू नये म्हनून या झारीचं पाणी वरून ओतत होतो. बायकोले बोललो नाई, पोराले नाई, डॉक्टरले बी खोटं सांगतलं. रोग तवाच हाडात गेला. पोट्टीनं काईच नाई केलं. मीच तिले पाठीवर चढवली. आता मले खच्ची केलं हाय. हे बी ऐकून घ्या, मंजे मागून कुजबुज नोको."

बंडीवरून किसनराव म्हणाले, "बुढ्याले लाज नाई राह्यली."

"होती ना बे! दोन सालं होती. तिनंच खाल्लं मले."

खुशालरावांनी ओंजळीत पाणी घेतलं, पोरीच्या दोन्ही पायांवरून सोडलं, आणि कपाळ त्या ओल्या पायांवर टेकवलं. सत्यभामा उभ्या जागी खाली बसली.

किसनरावांची बायको पोरीला पुढे ढकलत म्हणाली, "बस त्या पाटावर." आणि वच्छलाकडे न पाहता, "संध्याकाळी येजो वं. खिरापत हाय."

खुशालरावांनी पुढचा पोळा पाहिला. त्याच्या पुढचा नाही. दुखणं परत आलं, डॉक्टर म्हणाले होते तसं. पाण्याविना जगायला शिकून आलं. या खेपेला त्यांनी लपवलं नाही. कुठे दुखतं, किती दुखतं, सगळं सुनेला सांगत गेले. अफूच्या गुंगीत शेवटचे दिवस गेले, तेव्हा वच्छला त्यांच्या पायाशी बसून गाणी म्हणायची.

आता माझं बुड गंजलंय, चोचीचं तोंड निखळलंय. खोपडीतल्या खुंटीवर टांगलेली असते. विहिरीवर नवी झारी आली. तरी माझी झोप उडालेली ती उडालेलीच. पऱ्हाटी मोडल्याचा आवाज आला की माझा पत्रा शहारतो. पाहून गप्प राहिलेली मी. मला बोलता येत नव्हतं, हे खरं. पण बोलता येणारेही सारे गप्पच होते.

परवा किसनराव मळ्यात आले. गोवर्धन नव्हता. काही बोलायचं असल्यासारखे उभे राहिले, वांग्यांचा भाव विचारला, पुन्हा उभे. सत्यभामाने पदर सारखा केला. तशी ती अजून भित्रीच आहे.

"भाऊजी, लघवीले रात्री किती वेळा उठता?"

किसनरावांनी आधी मागे वळून पाहिलं. मग काठी भिंतीला टेकवली आणि दाराशी बसले. "लय वेळा, बाई," म्हणाले.

"डॉक्टर बाजाराच्या दिवशी येतात. मी यांना सांगते, तुमच्यासंगं येतील. ग्रंथी नरम असते बहुतेकांची. पण बघू द्या."

वाचणाऱ्या माणसा, माझं मागणं एवढंच आहे. लाज वाटली तर वाटू दे, पण आपल्या घरात असं विचारणारं कुणीतरी असू दे. किसनरावांचं काय निघेल ते मला ठाऊक नाही. आज बाजार आहे. गोवर्धनने बंडी जुंपायची तयारी करून ठेवलीय, आणि सत्यभामा सकाळपासून तिसऱ्यांदा बाहेर येऊन, किसनराव येतात की नाही, ते धुऱ्याकडे पाहतेय.